उभ्या डोंगराची भाजी

उभ्या डोंगराची खालची बाजू कंपनीने हिवाळ्यात सोलून काढली, आणि पाऊस स्थिरावला तशी ती सोललेली जागा वाहू लागली. लाल, दाट, थांबायचे नाव नाही. भोकरपाड्याच्या ओहोळातून ते लाल पाणी खाली आले, सुकीच्या राबात, रोपांच्या वाफ्यात शिरले आणि बोटभर उंचीची नागलीची रोपे त्याने अशी झाकून टाकली की तिथे कधी काही पेरलेच नव्हते असे वाटावे. बांधावर उभी असलेली सुकी रडली नाही. तिने मूठभर चिखल उचलला, डोंगरावरच्या पत्र्याच्या कमानीच्या दिशेने भिरकावला आणि म्हणाली, "घ्या, तुमचा तुम्हाला." शेजारी उभ्या असलेल्या फागीला त्या मुठीचा हेवा वाटला. सुकीला निदान चिखल कुणाच्या दिशेने फेकायचा हे ठाऊक होते. फागीचा एकुलता एक मुलगा कमलेश त्याच कमानीखाली कंपनीचा सुपरवायझर होता.

मोखाड्याहून सूर्यमाळेकडे चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत. पण ते सारे रवंथ करणाऱ्या गुरांसारखे बसलेले, पाय पोटाशी घेऊन निवांत. एकटा हाच काय तो उभा. म्हणून त्याचे नावच उभा. माथ्याकडच्या अर्ध्या अंगावर ऐन, कुडा आणि हिरड्याचे दाट रान. त्या रानाच्या पोटात बारमाही झरा. कमरेखाली उतरता गवताळ माळ, नेसूच्या घोळासारखा पाड्यापर्यंत आलेला. हा घोळ कंपनीने फेडला. कुणाच्या तरी नावावर डोंगर चढला, कुणाच्या तरी सहीने रस्ता आला, आणि ढगात घर हवे असणाऱ्या शहरी माणसांसाठी उताराचे जिने झाले. प्रत्येक पायरीवर खुंट्या, खुंट्यांना पांढरी दोरी. पाड्याने जव्हारला जाऊन तक्रार केली होती. चौकशी सुरू आहे असे कळले होते. चौकशी सुरू होती आणि पोकलेनही सुरू होता. दोघांपैकी एकाचाच आवाज ऐकू येत होता.

आता उरले होते वरचे रान. रविवारी गिऱ्हाइके येणार, ढग बघणार, भुलणार. त्यानंतर पावसाने जरा उघडीप दिली की वरच्या प्लॉटांसाठी रस्ता कापायला घ्यायचा, असे ठरले होते. वरचे रान गेले म्हणजे झरा गेला, आणि झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला सारा डोंगर एखाद्या आषाढी सकाळी पाड्याच्या चुलींवर येऊन बसणार, हे सांगायला भोकरपाड्यात कुणा शहाण्याची गरज नव्हती. सुकीच्या राबाने ते सगळ्यांना सांगितले होते.

कमलेश त्या दिवशी दुपारीच घरी आला. कंपनीची निळी टोपी त्याने खुंटीला अडकवली आणि चुलीपुढे बसलेल्या आईकडे न बघता म्हणाला, "आये, रविवारी पावणं येतात. साहेब बोलला, जेवण रानभाज्यांचं पायजे. कोळू तर पायजेच."

"कोळू?" फागीने चुलीत फुंकर घातली. धूर वर आला, त्याआडून ती बोलली. "कोळू तुझ्या पोकलेननं खाल्ला. त्याच्या पोटात हात घालून बघ."

"चेष्टा नको करू."

"चेष्टा कोण करतं? नवी भाजी अजून देवाला गेली नाय. तवर या पाड्यात कोणाच्या चुलीवर कोळू चढायचा नाय. तुझ्या पण नाय नि तुझ्या साहेबाच्या पण नाय."

"मग घाला ना देवाला! आषाढ अर्धा सरला. समदे पाडे कधीचे खातात. तिकडं वांगणीकडं तर लोकांना कंटाळा आला भाजीचा. आपण कोरडी भाकर नि सुकट चावत बसलोय. कोणासाठी?"

"उभ्यासाठी."

"उभ्यावर कोळू राहिलाच नाय, तर तू आणशील कठून? मी सूर्यमाळेवरून आणतो. मोटारसायकलवर एक पोतं टाकलं की झालं काम. देवाचं पण झालं, साहेबाचं पण."

"नि उभा मोकळा," फागी म्हणाली. "असंच ना?"

कमलेशने खुंटीवरची टोपी उगाच सरळ केली.  

भोकरपाड्याची रीत अशी होती. पाऊस पडून डोंगर हिरवा झाला की गवताच्या पात्यांतून कोळू वर येतो. गवतासारखाच, पण देठाशी पांढरा आणि चवीला रानाच्या पहिल्या श्वासासारखा. तो आधी गावदेवाला द्यायचा, मग माणसांनी खायचा. पहिली मूठ फागीच्या घरातल्या बाईने खुडायची, हाताने, कारण नुकत्या उगवलेल्या अंगाला लोखंड लावू नये. आणि ज्या डोंगराची भाजी देवाला गेली, तो डोंगर त्या दिवसापासून बंद. शेतात नवा दाणा पिकून तो देवाला जाईपर्यंत त्या डोंगरावर कोयता, कुदळ, विळा काहीही चालवायचे नाही. गवतसुद्धा त्यानंतरच कापायचे. तोवर त्याचे बी पडून गेलेले असते. देवाची भाजी ज्याने खाल्ली त्याच्यावर हे बंधन; जो खाणार नाही त्याला ते नाही, पण या मुलखात न खाणारा कोण असतो? कंपनीचा पोकलेन हिवाळ्यात आला तेव्हा नवा दाणा देवाला जाऊन उभा मोकळा झाला होता. म्हणून पाड्यातल्याच माणसांनी पोटासाठी त्याच्या मागे फावडी धरली, आणि त्यांच्या मनाला कुठे टोचले असेल तर त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

आता मात्र उभ्यावर भाजी उरली नव्हती. रानाच्या सावलीत कोळू येत नाही; त्याला उघडा, उतरता माळ लागतो, आणि माळ तर जिने होऊन बसला होता. भाजी दुसऱ्या डोंगराची आणली तर बंद होणार तो दुसरा डोंगर. उभ्यावर कुऱ्हाड घेऊन चढायला पाड्यातले मजूर मोकळे. कमलेशने हे साहेबाला समजावून सांगितले होते, आणि साहेबाने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हुशार म्हटले होते. ही हुशारी घेऊन तो घरी आला होता आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हते.

संध्याकाळच्या आत सारा पाडा लाडक्याच्या ओट्यावर जमला. लाडक्या म्हणजे गावदेवाचे करणारा म्हातारा. देवाशी बोलण्यात त्याचे आयुष्य गेले होते, पण देवापेक्षा त्याला माणसांची अधिक भीती वाटे आणि दोघांपेक्षाही भुकेची.

"फागे," तो म्हणाला, "माझ्या तोंडात दात किती राहिले बघ. सुकट चावायची का नुसती चोखायची, तूच सांग. देव तर काय, देवाला सूर्यमाळेची भाजी नि उभ्याची भाजी यांत काय कळतं?"

"तुला कळतं ना, आजा?"

"मला कळतं, पण मी सांगणार नाय त्याला."

लोक हसले. फागीही हसली असती. पण हसण्याच्या त्या लाटेत निर्णय वाहून जाईल हे तिला दिसत होते. ती उठून उभी राहिली. तशी ती काही पाड्याची पुढारीण नव्हती. भांडखोर म्हणून तिची ख्याती होती. बाजारात हिरड्याचे वजन करताना तिचा अंगठा नेमका काट्यावर असतो, असे सुकी तिच्या तोंडावर म्हणायची. पण पहिली मूठ तिच्या घरची होती, आणि तिच्या हाताशिवाय लाडक्याचे देवाशी बोलणे अडणार होते.

"मागून आणलेली भाजी मी नाय खुडणार," ती म्हणाली. "देव काय पावणा आहे का आपला, शेजाऱ्याकडून वाटी मागून आणायला? ज्याला खायची त्यानं खा. मी नाय."

"तुझ्या हट्टापायी पोरं उपाशी मरतील," कुणीतरी मागून म्हणाले.

"कोळूवाचून कोण मेलं नाय. डोंगराखाली मरतात. सुकीचा राब बघून या जा."

सुकी म्हणाली, "मी पण नाय खाणार. माझ्याकडं तसं पण खायला काय राहिलं?"

त्या संध्याकाळी निर्णय झाला नाही. पाडा दोन ओट्यांत विभागला आणि पाऊस दोन्ही ओट्यांवर सारखाच पडत राहिला. घरी आल्यावर कमलेशने आईशी बोलणे टाकले. त्याची बायको रविना मधे भाकरी वाढत राहिली. ती कंपनीच्या कमानीआतल्या सॅम्पल बंगल्यावर फरशी पुसायला जाई. नवऱ्याच्या आणि सासूच्या मौनामधली फरशीही आता तिच्याच वाट्याला आली होती.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून परतल्यावर ती पाय धुता धुता सहज म्हणाली, "आत्या, तो माळी एवढा वैतागलाय ना! लॉनमधून रोज तण उपटतो आणि रोज नवं येतं. मला म्हणतो, तुमच्या इथलं गवत फार उद्धट आहे."

"कसलं तण?"

"कोळू," रविना म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला स्वतःलाच मग कळले. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

फागी तिच्याजवळ सरकली. "बाय, माळावरची माती त्यांनी काढली ती कठं टाकली?"

"बंगल्यापुढंच. मीच बघितलं ना. खाली मुरूम होता, त्यावर माळाची काळी माती पसरली, आणि वर ते गवताचे चौकोन आणून चिकटवले."

माती उचलली तेव्हा तिच्यात कंद होते. कोळूचे कंद वर्षभर जमिनीत मुठी आवळून पडलेले असतात. पोकलेनच्या जबड्यातून, डंपरच्या पोटातून, परक्या गवताच्या गालिच्याखालून त्यांनी आपला पावसाळा बरोबर ओळखला होता आणि विकत आणलेल्या हिरवळीत भोके पाडून ते वर आले होते. फागी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. चुलीपाशी बसलेल्या कमलेशने वळून पाहिले आणि त्याच्या लक्षात आले, की आपली हुशारी आता पोत्यात मावणार नाही.

"आये," कित्येक तासांनी तो पहिल्यांदा बोलला, "ती बंगल्याची बाग हाय. ती उभ्याची म्हणायची नाय."

"घर बदललं म्हणून बाप बदलतो का रं?" फागी म्हणाली, आणि लाडक्याच्या ओट्याकडे निघाली.

रविवारी उभ्यावर धुके होते. गिऱ्हाइके रंगीत रेनकोट घालून आली, आणि कमलेशचा साहेब सुदर्शन कंपनीच्या जाकिटात त्यांना दरीकडे बोट दाखवत होता; दरी दिसत नव्हती तरी तिची स्तुती करत होता. सुदर्शन जव्हारकडच्या शेतकरी घरातला. वडील शाळामास्तर झाले, तेव्हा घर शेतातून बाजारपेठेत आले आणि सुदर्शन बाजारपेठेतून या जाकिटात. वाईट माणूस नव्हता तो. विकायला काही मिळाले की माणसाला ते किती चांगले आहे हे आधी स्वतःला पटवून द्यावे लागते, एवढेच त्याचे झाले होते.

कमानीपाशी पाड्यातल्या बाया येताना दिसल्या तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "आल्या, आल्या! बघा मॅडम, हेच ते खरं आदिवासी जीवन," तो ठाण्याच्या एका बाईंना म्हणाला, आणि फागीकडे वळला. "फागीबाई, तारपेवाला कुठे आहे? नाच जेवणानंतर ठेवू. आधी स्वयंपाकाचं बघा."

"हो ना. आधी भाजीच," फागी म्हणाली.

फाटक त्याने स्वतः उघडले.

बाया आत आल्या आणि स्वयंपाकघराकडे न वळता लॉनवर गेल्या. पदर खोचले. राबातली रोपे उपटायला बसतात तशा ओळीने उकिडव्या बसल्या. फागीने सर्वांच्या पुढे बसून पहिले पाते मुळाशी धरले. बोटांना देठाचा पांढरा गारवा लागला आणि क्षणभर तिला काहीच ऐकू आले नाही, माळी ओरडत होता तेही. मग तिने खुडले. मागून ओळीने खुडण्याचा बारीक टक्-टक् आवाज सुरू झाला.

"अरे, लॉन! लॉन खराब करतायत!" माळी धावत आला.

"खराब नाय रं, साफ करतोय," सुकी म्हणाली. "तुझंच काम. तू रोज उपटतो नि फेकतो, आम्ही खुडतो नि खातो. पगार तुलाच राहू दे."

गिऱ्हाइकांना हे फार आवडले. मोबाइल बाहेर निघाले. ठाण्याच्या बाई फागीशेजारी बसून विचारू लागल्या, "मावशी, ऑर्गॅनिक आहे ना हे?"

"काय आहे ते मला नाय ठाऊक, बाय. पण मी हे लावलं नाय नि या साहेबानं पण लावलं नाय. आपलं आपण आलंय."

तोपर्यंत लाडक्या लॉनच्या मधोमध तीन दगड मांडून मोकळा झाला होता. चूल पेटली. मातीच्या मडक्यात कोळू शिजला. त्यात मीठ, मिरची आणि मूठभर डाळ. लाडक्याने तांदळाचे दाणे ठेवले, मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडले, आणि थेंब सोडताना एक घोट स्वतःकडे वळवला, तो देवाने पाहिला असेल तर काही बोलला नाही. मग त्याने शिजलेली भाजी ऐनाच्या पानावर घेतली आणि माथ्याकडच्या रानाकडे तोंड केले. त्याचा आवाज एरवी कुरकुरणारा. आता तो उंच झाला, आणि रेनकोटवाल्यांचे बोलणे आपसूक थांबले.

"उभ्या, तुझी भाजी तुला. तू दिलीस, आम्ही खुडली. आजपासून नवा दाणा येईपर्यंत तुझ्या अंगाला लोखंड नाय. कोयता नाय. कुदळ नाय. विळा नाय."

"पोकलेन," फागी मागून म्हणाली.

लाडक्या अडखळला. हा शब्द त्याच्या बापाने त्याला शिकवलेला नव्हता. पण त्याने तो तोंडात घोळवला, पटला असावा, आणि मोठ्याने म्हणाला, "पोकलेन नाय!"

बाया हसल्या. कंपनीच्या कामावरचे पाड्यातले मजूरही फाटकापाशी उभे होते, तेही हसले. आणि हसता हसता त्यांच्यातला एकेक जण पानासाठी पुढे आला. सुदर्शनच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र त्या शब्दाशी येऊन थिजले. त्याला सारे कळले. नवे देवाला गेल्याशिवाय न खाणे त्याच्याही घरी होते. त्याची आजी होती तोवर ते पाळले जात होते. न कळणाऱ्याला जो राग येत नाही तो त्याला आला.

"फागीबाई, बस झालं. ही खाजगी जागा आहे. स्वयंपाकाला बोलावलं होतं तुम्हाला, हे असलं करायला नाही."

"स्वयंपाकच केला, साहेब. जेवा ना." तिने पान त्याच्यापुढे धरले.

पानातून वाफ येत होती. सुदर्शनने हात मागे घेतला.

"मला चालत नाही."

"चालतं तुम्हाला. चालतं म्हणूनच घेत नाय." फागीच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणून ते अधिक लागले. "ज्याला ठाऊक नाय तो आनंदानं खातो बघा."

ठाण्याच्या बाईंनी खरोखरच दुसऱ्यांदा पान पुढे केले होते. "अप्रतिम आहे हो! मावशी, आम्ही वरचा प्लॉट बघतोय, त्या झाडांपाशी. तिथे पण ही भाजी येते का?"

"तठं झाडं हायत, बाय. झाडं तोडली, तर तठली माती अठं येईल. अठली माती खाली आमच्या चुलीत येईल. नि माती एकटी नाय येत, वरचं घर घेऊन येते." फागीने हाताने लाल ओघळ दाखवला, बंगल्याच्या कडेने जिना उतरत असलेला. "तो बघा. अजून झाडं हायत तरी असा. तुम्हाला घर पायजे का गाडी? चालणारं घर पायजे तर घ्या वरचा प्लॉट."

बाईंच्या नवऱ्याने त्या ओघळाकडे पाहिले, मग वर धुक्याकडे, मग सुदर्शनकडे.  मोबाइल खिशात ठेवला, आणि त्या ठेवण्यात पुष्कळ काही होते.

पोकलेनचा ऑपरेटर मंगरा यंत्राच्या साखळीवर बसून हे बघत होता. तो झारखंडचा. त्याला मराठी येत नव्हती आणि कुणी बोलावलेही नव्हते. तो उतरून आला आणि फागीला म्हणाला, "अम्मा, ये नया पत्ता है? पहला?"

"पहिला. खाया तो मशीन बंद. नया दाना आने तक," फागी आपल्या वीटभट्टीवरच्या हिंदीत म्हणाली. फसवून खाऊ घालायचे नाही, हे तिने मनाशी धरले होते. "सोच के खाना."

मंगराने पान घेतले. "हमारे यहाँ भी पूजा से पहले नया फूल-पत्ता नहीं छूते," एवढेच तो म्हणाला आणि उकिडवा बसून खाऊ लागला.

"मंगरा!" सुदर्शन ओरडला. मंगराने मान वर केली नाही.

आता राहिला होता कमलेश. निळी टोपी घालून तो बंगल्याच्या पायरीवर उभा होता. ना लॉनवर, ना आत. रविना पान घेऊन त्याच्या दिशेने निघाली तशी फागी म्हणाली, "राहू दे. त्याच्या पायाला काय झालं? त्याला यायचं तर येईल."

"आये, माझी नोकरी जाईल," तो तिथूनच म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला याचे त्याला भान नव्हते.

"जाईल."

"मग तू काय करशील?"

"भांडेन तुझ्याशी. घरात बसून राहिलास म्हणून." फागीने मडक्याच्या तळाशी पळी फिरवली. "मी तुला खा म्हणत नाय, कमल्या. तू उभ्याला मोकळा करायला निघाला होतास, तेव्हा पण मी काय बोलले? भाजी आहे. भूक असेल तर खा."

सुदर्शन खालच्या आवाजात म्हणाला, "कमलेश, विचार कर. वरच्या रस्त्याचं काम तुझ्याकडेच देणार आहे मी."

कमलेशने माथ्याकडे पाहिले. धुक्यात रान दिसत नव्हते. झऱ्याचा आवाज तेवढा येत होता. त्या झऱ्यावर रविना रोज हंडे घेऊन जात होती, त्याआधी आई जात होती, आणि तो स्वतः कोणताही विचार न करता ते पाणी आजवर पीत आला होता. न करण्याच्या त्या विचाराची त्याला आता लाज वाटली. तो पायरी उतरला. लॉनवर येताना त्याने चपला काढल्या. पान त्याने कुणाकडून घेतले नाही. स्वतः वाढून घेतले, आईच्या शेजारी बसला आणि खाऊ लागला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"तुझ्या घरचंच हाय," फागी म्हणाली.

गिऱ्हाइकांच्या गाड्या एकामागून एक घाटात उतरल्या. सुदर्शनने कमानीपाशी उभे राहून बराच वेळ फोन केला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज सपाट झाला होता. "उद्या सकाळी नाशिकहून दुसरी मशीन येते. ऑपरेटर पण त्यांचाच. त्याला तुमची भाजी बिजी काही ठाऊक नाही. कमलेश, टोपी इथे ठेवून जा."

टोपी ठेवली गेली.

सकाळी पाऊस थांबला होता. ट्रेलरवर बसून पिवळी मशीन घाट चढून आली, कमानीखालून आत शिरली, ट्रेलरवरून खाली उतरली आणि जिन्यांवरून वर सरकत रानाच्या काठाशी आली. तिथे बाया आधीच बसलेल्या होत्या. त्यांच्या मागे ऐनांचे बुंधे, पुढे ताजा लाल चिखल. कमलेश एका टोकाला, मंगरा दुसऱ्या. चूल पेटवलेली, मडके चढलेले.

नवा ऑपरेटर केबिनमधून उतरला नाही. त्याने काच जेमतेम खाली केली आणि ओरडला, "बाजूला व्हा! मला साहेबानं सांगितलंय, काही खायचं नाही, प्यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही!"

"मग गप्प बस ना," सुकी म्हणाली.

त्याने इंजिन चालू केले. लोखंडी बाहू वर उठला, धुक्यात थांबला, थोडा डोलला. एक बाई सोडून कुणी हलले नाही. ती फागी. ती उठली, चिखल तुडवत पुढे गेली, आणि बाहूच्या टोकाची बकेट जिथे पडणार होती नेमकी ती जागा शोधून तिथे मांडी घालून बसली. पदराने तोंड पुसले. वर बघून तिने त्या पोराला नीट निरखले. कमलेशपेक्षाही लहान होता.

"किती दिवस उपाशी ठेवणार साहेब तुला?" तिने विचारले.

त्याने बिस्किटाचा पुडा उचलून काचेतून दाखवला.

"असू दे," फागी म्हणाली. "आमचा नवा दाणा यायला वेळ आहे. तोवर पुडा पुरव."

बाहू तसाच वर होता. इंजिन धडधडत होते, आणि कुणालाही घाई नव्हती.